बंद खिडक्यांतली काडी

जीवशास्त्राच्या सरांना मुलं पाठीमागे शांतीसर म्हणत. कॉलेज सुरू व्हायच्या आधी ते हॉलमध्ये मुलांना डोळे मिटून श्वासावर लक्ष ठेवायला बसवत. आणि हेच सर त्यानंतर पाण्याच्या टाकीमागे जाऊन निवांत सिगारेट ओढत, वर वेलदोडा चघळत. कुणाला पत्ता नव्हता.

वर्गात भोंगा नावाने ओळखली जाणारी एक मुलगी होती. ती हसली की शेजारच्या वर्गाला कळायचं. एकदा ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "सर, परीक्षा जवळ आली की सिगारेटशिवाय राहवत नाही हो." पोरीला धीर द्यायचा म्हणून सरांनी थाप ठोकली, "मीही ओढायचो. श्वासावर लक्ष ठेवून बसायला लागलो नि सुटली."

आणि तिची खरंच सुटली की! रोज हॉलमधून निघताना ती सांगायची, "सर, आजही नाही." ते ऐकून सर तिची नजर चुकवायचे. तरी पाय टाकीकडेच वळायचे.

मग फुफ्फुसांचा धडा आला. रिकाम्या बाटलीत कापूस, तोंडाला सिगारेट. बाटली दाबून सोडली की धूर आत शिरतो आणि कापूस पिवळा पडतो, असा तो प्रयोग. धूर नीट दिसावा म्हणून सरांनी खिडक्या लावल्या, पंखे बंद केले. माचिसची काडी ओढली आणि सवयीने तिला दोन्ही तळव्यांचा आडोसा केला. मान तिरकी, एक डोळा बारीक.

"सर, वारा कुठंय?" मागून कुणीतरी विचारलं आणि वर्गात हशा फुटला. एकटी भोंगा हसली नाही. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कापूस पिवळा पडला, तो कुणीच पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी ती हॉलमध्ये आली नाही. सर तडक टाकीमागे गेले. ती तिथेच बसली होती, ओठांत सिगारेट, अजून न पेटवलेली.

"जागा तुमचीच ना? वेलदोड्याची सालं पडलीत सगळीकडे. तुमच्या तोंडाला रोज येतो तोच वास."

"मी सोडलेली नाही," सर म्हणाले. "कधीच नव्हती. खोटं बोललो तुझ्याशी."

"मला ते श्वासाचं काही जमत नव्हतं, सर. तुम्ही सोडलीत, एवढ्यावरच तग धरला होता."

तिने काडी ओढली. वाऱ्याने विझली. दुसरीही विझली. तिने माचिस त्यांच्यापुढे धरली. "तुम्हीच लावून द्या. तुम्हाला छान जमतं."

सरांनी माचिस घेतली. हात आपसूक आडोशाला उठले. ते त्यांनी खाली घेतले, खिशातलं सिगारेटचं पाकीट काढून तिच्या हातात दिलं आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसले.

"उद्यापासून रोज मी येऊन सांगेन, आज नाही म्हणून. तू ऐकून घेशील?"

उद्या हे खरं सांगता येईल का, याची त्यांना खात्री नव्हती. ती हो म्हणाली नाही. माचिसही परत मागितली नाही.