सोजराबाईचा खांदा

हुलसूरच्या सोजराबाईची गर्भपिशवी दुर्बिणीतून काढली. घरी आल्यावर पोटापेक्षा खांदाच जास्त ठणकू लागला.

“आपरेशन पोटाचं, मग खांदा कामून दुखायलाय?” म्हणत नवरा आप्पारावानं दवाखान्यात फोन लावला.

“ऑपरेशनच्या वेळी पोटात गॅस भरतात, त्यानं दुखतं. दोन-तीन दिवसांत थांबेल,” नर्स म्हणाली. “गोळी वेळेवर द्या, थोडं थोडं चालवा.”

फारच दुखलं तर खायच्या म्हणून सोजराबाईनं गोळ्या डब्यात ठेवून दिल्या होत्या. आप्पारावानं एक काढून दिली आणि तिला हात धरून अंगणात चालवलं. लग्नाला तीस वर्षं झाली, पण रस्त्यानं तो कायम दहा पावलं पुढं असायचा.

“हळू चला की,” ती म्हणाली. तो हळू चालला.

तिसऱ्या दिवशी खांदा दुखायचा थांबला. चौथ्या दिवशी आप्पाराव चपला घालून दारात उभा.

“आता दुखायलं न्हाई,” सोजराबाई म्हणाली.

“व्हय, ठाऊक हाय. चल.”