फक्कीने आखलेलं पार्किंग

नाशिकरोडला आमच्या कॉलनीला लागून एक बंद पडलेली प्राथमिक शाळा आहे. माझी सगळी नोकरी तिथे गेली. निवृत्त झाले तरी मी बाईच राहिले. दूध आणायला निघाले की मोटारसायकलवरचे चाळिशीतले बाप्ये "बाई, नमस्कार" म्हणतात, आणि हेल्मेट कुठाय म्हणून मी त्यांना खडसावते.

घरोघरची पोरं इंग्रजी शाळेच्या व्हॅनमधून जायला लागली, तशी आमची पटसंख्या आटत गेली आणि एका उन्हाळ्यानंतर शाळा उघडलीच नाही.

यंदा आर्किटेक्चर कॉलेजची मुलं आली. या जागेचं काय करायचं ते कॉलनीने सांगायचं आणि त्यांनी आराखडा काढून द्यायचा, असं ठरलेलं. मी म्हटलं, झालं! आता हे मला माझी शाळा दाखवणार. पण पोरं गुणी निघाली. घरी येऊन बसायची. बाई, घंटा कुठे होती? अरे, घंटा कसली, रेल्वेच्या रुळाचा तुकडा, चिंचेला टांगलेला. खिचडी कुठे शिजायची, शनिवारची कवायत कुठे व्हायची, सगळं विचारायची, आणि सांगता सांगता माझा चहा गार व्हायचा. किती बरं वाटायचं म्हणून सांगू!

माझं मागणं एकच होतं. खोल्यांची अभ्यासिका करा, नाहीतर व्यायामशाळा करा, पण प्रार्थनेचं पटांगण मोकळं ठेवा. कॉलनीला नेमकं तिथेच पार्किंग हवं होतं. सिंहस्थ तोंडावर आलेला, पाहुण्यांच्या गाड्या लावायच्या कुठे? त्यात सगळ्यांत मोठा आवाज माझ्याच एका विद्यार्थ्याचा. सहा फुटी गडी, टुरिस्ट गाड्यांचा धंदा. "बाई, भावना ठीक आहेत हो, पण गल्लीत दोन गाड्या समोरासमोर आल्या की काय तमाशा होतो, बघता ना?" असा संताप आला मला! बघत होते ना, रोज बघत होते, म्हणून तर संताप जास्तच.

त्या मुलांची पद्धत अशी की कागदावर भांडायचं नाही, जागेवर आखून बघायचं. रविवारी सकाळी त्यांनी मैदानावर रेषा मारायची पांढरी फक्की आणली आणि पटांगणभर गाड्यांचे चौकोन आखले. मग त्यांच्यातली एक मुलगी म्हणाली, "बाई, प्रार्थनेला मुलं कशी उभी राहायची, तेही दाखवा ना."

जमलेल्यांतले निम्मे माझ्या हाताखालून गेलेले. मी ओरडले, "चला रे, चौथीची रांग! बडबड नको!" खिदळत उठले सगळे. कुणी न सांगता चपला पायरीशी निघाल्या. "अंतर घे" म्हटल्यावर हात पुढच्याच्या खांद्यावर गेले. आणि बघते तर पार्किंगवाला रांगेत सगळ्यांत पुढे!

"दादा, उंचीप्रमाणे ना? तुम्ही मागे," ती मुलगी म्हणाली.

"मी पहिलाच असतो," तो म्हणाला.

खरंच होतं ते. चौथीत तो एवढासा होता, वर्गात सगळ्यांत बुटका. उंची पुढे कॉलेजात वाढली. सगळे पोट धरून हसले, तोही हसला आणि मग हात जोडून उभा राहिला. प्रार्थना सुरू झाली. मधलं कडवं कुणालाच आठवेना. मीच ओढून नेलं.

प्रार्थना संपली तोवर पायाखालचे चौकोन पार विस्कटले होते. मुलीने विचारलं, "दादा, पार्किंग परत आखू?"

"नको. राहू दे पटांगण. गाड्यांचं बघू काहीतरी." चपला घालून तो माझ्यासमोर आला. मान खाली, अगदी गृहपाठ न केल्यासारखी. "बाई," म्हणाला, "माझ्या पोरीला मी इथे घातलंच नाही."

इतकी वर्षं या पालकांना झाडायचं मनात होतं माझ्या. आता एक समोर उभा होता आणि मी म्हटलं, "पाय धू आधी, फक्की लागलीय."