ओट्यावरून जाहीर केलेला मदरबोर्ड

माझे सासरे आपल्या चुका घरापुढच्या ओट्यावर उभे राहून जाहीर करायचे. लग्नानंतरच्या पहिल्याच सकाळी मी हे ऐकलं. स्वयंपाकघरात काहीतरी सांडल्याचा आवाज झाला आणि थोड्या वेळानं बाहेरून खणखणीत आवाज आला, "कृपया इकडे लक्ष द्या. आज सकाळी दुधाचं पातेलं थावरसिंग राठोड यांच्या हातून सांडलेलं आहे. घरातील इतर कोणाचाही यात संबंध नाही. चहा उशिरा मिळेल. होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." मी नवी नवरी, पदर सावरत बसलेली. मनात म्हटलं, मनीषा, कुठल्या घरात येऊन पडलीस तू.

थावरसिंग राठोड म्हणजेच माझे सासरे, आमचे बाबा. उमरखेडच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांची सगळी नोकरी गेली. छोट्याशा खोलीत माइकसमोर बसून पुसद, ढाणकी, नांदेडच्या गाड्या पुकारायच्या, हे त्यांचं काम. आधी मराठीत, मग हिंदीत आणि शेवटी तांड्यांवरून आलेल्या म्हाताऱ्या बायांसाठी आमच्या बंजारा लोकांच्या गोरबोलीत. गोरबोलीत पुकारा असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि पुकारू नका असं म्हणायची कोणाची छाती नव्हती. निवृत्त झाल्यावर माइक तिथेच राहिला, आवाज मात्र ते घरी घेऊन आले.

चुका जाहीर करायची सवयही तिथलीच. गाडी पंक्चर झाली, रद्द झाली, तर ते ताबडतोब सांगायचे. लोक शिव्या द्यायचे, तरी सांगायचे. "गाडी बिघडली हे सांगितलं तं पॅसेंजर दुसरी धरते," ते म्हणायचे. "नाही सांगितलं तं तो बिचारा तिथंच बसून राह्यते. उशीर झाला तं झाला, पन सांगाले उशीर नाही पायजे." हे शेवटचं वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल, देव जाणे. मला उद्देशून मात्र ते कधी म्हणाले नव्हते, कारण बाबा माझ्याशी बोलतच नसत.

राग नव्हता हो, चाल होती. आमच्या बंजारा घरांमधली जुनी चाल अशी, की सुनेनं सासऱ्यासमोर पदर पुढे ओढायचा आणि त्याच्याशी थेट बोलायचं नाही. आता कोण पाळतं हे? माझ्या माहेरी माझी वहिनी माझ्या वडिलांशी क्रिकेटवरून भांडते. पण बाबांच्या आईनं ही चाल कडक पाळून घेतली होती, आणि ती म्हातारी गेल्यावरही ती मोडायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. मला काही सांगायचं असलं की मी सासूबाईंना सांगायची. तिला मी याडी म्हणते, म्हणजे आमच्या बोलीत आई. याडी ते बाबांना सांगायची. बाबांना मला काही सांगायचं असलं की ते भिंतीकडे तोंड करून पुकारायचे, "घरातील मंडळींनी लक्ष द्यावे. आजच्या भाजीत मीठ कमी आहे. ही तक्रार नाही, माहिती आहे." मी स्वयंपाकघरात पदर तोंडात धरून हसायची. जाच असा काहीच नव्हता. पण ज्या घरात आपण राहतो तिथल्या एका माणसाला आपला आवाजच ठाऊक नाही, याचं कधीकधी फार वाईट वाटायचं.

मी सिव्हिलचा डिप्लोमा केलेली. लग्नानंतर तो ट्रंकेत साड्यांखाली पडून होता. नवरा किरण नांदेडला नोकरीला, रविवारी घरी यायचा. त्याच्या ओळखीतून पुसदच्या एका इंजिनिअरांकडे घरबसल्या नकाशे काढायचं काम मिळण्यासारखं होतं. त्यांनी परीक्षा म्हणून एक दुमजली घर काढायला दिलं. ठरलेल्या सोमवारी नकाशा हातात पडला आणि पटला, तर कायमचं काम, नाहीतर त्यांच्याकडे दुसरी माणसं होतीच. माझ्यासाठी ही एकच खिडकी उघडली होती आणि ती परत लागली असती तर डिप्लोमा पुन्हा साड्यांखाली गेला असता. त्या कामाला दणकट कॉम्प्युटर लागणार होता. याडीनं हे बाबांना सांगितलं, तर बाबा भिंतीला म्हणाले, "तयार डब्बा कायले घ्याचा? सुटे पार्ट आनू, घरीच जोडू. स्टँडचा लाउडस्पीकर जनमभर म्या खोलला, हे काय मोठं."

पार्ट नांदेडहून बसनं पार्सल आले. बाबांनी ते पलंगावर सतरंजी टाकून मांडले आणि जाहीर केलं, की उद्या दुपारी चार वाजता जोडणी सुरू होईल. दुसऱ्या दिवशी चार वाजले तेव्हा याडी ज्वारी घेऊन चक्कीवर गेलेली होती आणि तिथे रांग लागलेली होती. पण बाबांची गाडी कोणासाठी थांबणाऱ्यातली नव्हती. त्यांनी बाह्या सारल्या आणि सुरुवात केली.

मी दाराआड उभी होते. कॉलेजात आमच्या लॅबमधली मशीनं माझ्यासमोर खोललेली, जोडलेली होती, त्यामुळे काय कुठे बसतं ते मला माहीत होतं. मदरबोर्ड कॉम्प्युटरच्या डब्याच्या पत्र्यावर सरळ टेकवायचा नसतो. आधी पत्र्यात पितळेच्या छोट्या खुंट्या बसवायच्या आणि बोर्ड त्यांच्यावर अधांतरी ठेवायचा. बोर्डाच्या पाठीवर सगळे सोल्डरचे टाके उघडे असतात, ते पत्र्याला लागले की शॉर्ट होऊन खेळ खलास. आणि खुंट्यांची ती पुडी खिडकीत तशीच बंद पडलेली होती. जोडताना काही उरलं की बाबांना आनंद व्हायचा. काम सफाईदार झालं म्हणून कंपनीचं सामान वाचलं, असा त्यांचा हिशेब.

बाबांनी बोर्ड उचलला आणि सरळ पत्र्यावर ठेवला. मी खाकरले. बाबा भिंतीकडे पाहून म्हणाले, "कोनाले ठसका लागला असन तं पानी घ्या." मी बांगड्या वाजवल्या. त्यांनी पहिला स्क्रू आवळला. मी स्टीलचा पेला जमिनीवर जोरात आपटला. "चहा होऊन राह्यला वाटते," बाबा खुशीत म्हणाले आणि दुसरा स्क्रू आवळला. तोंड उघडून चार शब्द बोलायचे होते, आणि ते माझ्या तोंडातून निघेनात. इतकी वर्षं जे केलं नाही ते एका क्षणात कसं करायचं, हे कळेना. मी नुसती याडीच्या वाटेकडे बघत राहिले.

बाबांनी बटण दाबलं. पंखा अर्धा फिरला, आतून टक् असा आवाज आला, पंखा थांबला आणि खोलीत जळका वास पसरला.

याडी आली ती डोक्यावर पिठाचा डबा घेऊन, भुवया पांढऱ्या झालेल्या. मी तिला एका दमात सगळं सांगितलं. ती दारातूनच बाबांना म्हणाली, "थे म्हनते, बोर्डाच्या खाली त्या खुंट्या लावाच्या होत्या."

"तिले ठाऊक होतं?" बाबांनी विचारलं.

"होतं म्हनते."

"मंग सांगितलं काहून नाही?"

याडीनं डबा खाली ठेवला आणि पदरानं तोंड पुसलं. "कोनाले सांगन थे? मी तं चक्कीवर होती."

बाबा पलंगावर त्या मेलेल्या बोर्डाशेजारी बराच वेळ बसून राहिले. मला वाटलं, आता आपल्यावर चिडणार. मग ते उठले, टोपी घातली आणि ओट्यावर गेले. पूर्ण गल्लीला ऐकू गेलं, "कृपया इकडे लक्ष द्या. आज दुपारी आमच्या घरी एक मदरबोर्ड जळालेला आहे. चूक थावरसिंग राठोड यांची आहे. घरात जाणकार व्यक्ती हजर होती. तिला बोलण्याची सोय ठेवलेली नव्हती. आजपासून ती सोय करण्यात येत आहे."

ते आत आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. नजर खालीच होती, पण तोंड भिंतीकडे नव्हतं. म्हणाले, "सांग बेटा. आता काय कराचं?"

मला रडू आलं. ते आवरून मी म्हटलं, "पुसदला फोन करावा लागेल. सोमवारी नकाशा होत नाही." बाबांशी बोललेलं माझं हे पहिलं वाक्य, आणि तेही उशिराचं. पुढे मीच म्हणाले, की लाइट नव्हती असं सांगू. आमच्याकडे हे कारण बारमाही चालतं, कोणी शंका घेत नाही. बाबांनी मान हलवली. "लाइट होती," ते म्हणाले आणि माझ्या फोनवरून त्यांनीच इंजिनिअरांना गाठलं. आवाज तोच, माइकवरचा. "उमरखेडहून सोमवारी येणारा नकाशा तांत्रिक बिघाडामुळे उशिरा येईल. बिघाड सासऱ्याच्या हातून झालेला आहे. सुनेचा यात काही संबंध नाही. आपण दुसरी व्यवस्था करू शकता." दुसरी व्यवस्था कशाला सुचवायची हो त्या माणसाला?

पलीकडे इंजिनिअर हसले. म्हणाले, "काका, उशीर सगळेच करतात, पण काम देण्याच्या दिवशी सांगतात. आधी सांगणारे तुम्हीच भेटले. पुढच्या सोमवारी पाठवा."

नवा बोर्ड त्याच बसनं आला. या वेळी मी पलंगासमोर पाटावर बसले. डोक्यावर पदर होता, तोंड उघडं. आधी खुंट्या बसवल्या. बाबा एक कोपरा पार आवळायला निघाले, तसं मी म्हटलं, "थांबा, बाबा. आधी सगळे स्क्रू सैल लावा. एकच बाजू आवळली तर बोर्ड वाकतो."

"असं काहून?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांना पटलं नाही. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी वाद घातला, मीही घातला. याडी दारात उभी राहून आमच्याकडे बघत होती, तिची आमच्यामधली नोकरी गेली होती आणि ती भलतीच खूश दिसत होती. सगळं आवळून झालं, वायरी लागल्या आणि मग ध्यानात आलं, की डब्याच्या मागच्या भोकात बसवायची पत्र्याची पट्टी राहिलीच. ती बोर्डाच्या आधी लावायची असते. ते मला माहीत होतं आणि वादाच्या भरात मी साफ विसरले होते. सगळं परत काढावं लागलं. मी ओशाळले, पण बाबांचा चेहरा खुलला. लगबगीनं ओट्यावर गेले. "कृपया लक्ष द्या. आजची चूक संयुक्त आहे. थावरसिंग राठोड आणि मनीषा राठोड." गल्लीत माझं नाव पहिल्यांदा पुकारलं गेलं ते असं. पहिल्या नंबरानं पास झाले तेव्हाही मला इतका अभिमान वाटला नव्हता.

दिवेलागणीच्या आत मशीन सुरू झालं. पंखा फिरला, पडदा उजळला. मी म्हटलं, "बाबा, हे जाहीर करा की." ते म्हणाले, "चांगलं झालं ते कायले सांगाचं? गाडी वेळेवर आली तं पॅसेंजर आपोआप चढते."

बाबा आता नाहीत. गेल्या हिवाळ्यात गेले. शेवटपर्यंत त्यांनी माझं काम ओट्यावर बसून पाहिलं. गिऱ्हाईक आलं की खुर्ची द्यायचे आणि म्हणायचे, "नकाशाचं मॅडमले इचारा, मले फक्त गाड्या समजतात." मी आज पुसद-उमरखेडकडची बरीच घरं काढते, आणि ज्या टेबलावर काढते त्याच्या वरच्या खिळ्याला तो जळलेला बोर्ड टांगलेला आहे. लोक विचारतात, मी सगळी हकिकत सांगते. असा सासरा किती जणींना मिळाला असेल? मला त्यांचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

पण त्यांना पाहिलं नाही अशा माणसाला त्यांच्याबद्दल एकच गोष्ट सांगायची असली, तर मी मशीनची सांगत नाही. त्या पुढच्या सोमवारची सांगते. नकाशाची गुंडाळी घेऊन मी एकटी पुसदच्या गाडीत बसले होते. बाबा सोडायला आले होते आणि कुठे गायब झाले ते कळेना. गाडी भरली, कंडक्टर चढला. तेवढ्यात वरच्या लाउडस्पीकरमधून खरखर आली आणि पाठोपाठ त्यांचा आवाज. नियंत्रकाच्या खोलीत आता त्यांचाच जुना हाताखालचा माणूस होता, त्यानं माइक दिला असावा.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. उमरखेडहून पुसदला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर उभी आहे. या गाडीत आमच्या सूनबाई मनीषा राठोड बसलेल्या आहेत. त्या घरांचे नकाशे काढतात. त्यांना निघायला काही वर्षं उशीर झालेला आहे. हा उशीर आमच्यामुळे झाला. दिलगीर आहोत."

मग हेच हिंदीत. मग गोरबोलीत. माझ्या पुढच्या बाकावर तांड्यावरच्या दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या, त्या वळून माझ्याकडे टक लावून बघायला लागल्या. माझा पदर डोक्यावरून केव्हाच खांद्यावर आला होता. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "ऐकू आलं, बाबा."