बिनखोट कपड्यांची कात्री

गोदामात सगळे तिला मावशी म्हणत. कापायच्या यंत्रावरचा माणूससुद्धा मावशीच म्हणे. तो तिच्याहून चांगला तीन वर्षांनी मोठा, डोक्यावरचे केस केव्हाच गेलेले. "अरे, मावशी कुणाला म्हणतोस? आरशात बघ जरा," असं ती त्याला अधूनमधून ऐकवी. त्याला सगळे कात्र्या म्हणत आणि त्याची त्याला हौसच होती.

मावशी रफूचं काम करायची. वडिलांकडून शिकलेली. वडिलांचा एकच दंडक होता. रफू झाला की कपडा गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा आणि म्हणायचं, भोक शोधा. सापडलं तर सगळं उसवून पुन्हा बसायचं. दोरा बाहेरचा वापरायचा नाही. त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून एकेक धागा ओढून काढायचा, म्हणजे रंग तोच, पीळ तोच, जुनेपणही तेच. मावशीने चाळीस वर्षं हेच केलं. जिन्याखाली हातभर जागा, एक टेबल, एक दिवा आणि बारीक सुया. तेवढ्यात तिचा संसार उभा राहिला, लेकीचं शिक्षण झालं, लग्न झालं.

मग कपडे स्वस्त झाले. एवढे स्वस्त की माणसं रफूला टाकलेली पँट न्यायला येईनात. एक पोरगेलासा माणूस तर तिच्या तोंडावर म्हणाला, "दोन दिवस थांबायचं कशाला? नवीनच घेतो ना." त्याची पँट सहा महिने खुंटीवर लटकत होती. शेवटी मावशीने ती नवऱ्याला दिली आणि जिन्याखालची जागा सोडली. घरी बसून तिने पडदे रफू केले, उशांचे अभ्रे केले, मोज्यांच्या टाचा केल्या. नवरा म्हणाला, "आता घरात फाटकं काही उरलं नाही. माझ्या डोक्यावर थोडी जागा आहे, बघ काही जमतंय का." नवरा सुतार होता. हात थांबले की माणूस कसा होतो हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तो थट्टा करी.

त्यामुळे कपड्यांच्या एका मोठ्या कंपनीने बोलावलं तेव्हा मावशी लगेच गेली. लोकांनी जुने कपडे दुकानात परत आणून द्यायचे, गोदामात ते निवडायचे, दुरुस्त करायचे आणि कंपनीच्या जुन्या कपड्यांच्या दुकानात पुन्हा विकायचे, अशी योजना होती. तिथली मॅडम मावशीच्या लेकीच्या वयाची, बोलायला गोड. तिने मावशीच्या हातांचा फोटो काढून घेतला आणि भिंतीएवढा मोठा करून दारात लावला. खाली अक्षरं होती : आमच्याकडे काहीच वाया जात नाही. रोज कामावर येताना स्वतःच्याच एवढाल्या बोटांखालून आत जायला मावशीला लाज वाटायची, पण बरंही वाटायचं.

दीड वर्ष असं गेलं. मग तो करडा कोट आला. लोकरीचा, चांगला जाड, पण पाठीला कसर लागून बारा भोकं पडलेली. दुसऱ्या कुणी तो बाजूला टाकला असता. मावशीने चार दिवस घेतले. बाराही भोकं बुजवली आणि चौथ्या दिवशी संध्याकाळी कोट खिडकीशी धरला तेव्हा तिला स्वतःलाच एकही सापडेना. कुणीतरी सकाळच्या थंडीत बससाठी उभं राहील तेव्हा याची ऊब त्याच्या पाठीला लागेल, एवढंच तिच्या मनात आलं. कोट तपासणीच्या टोपलीत ठेवून ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या नळाला पाणी नव्हतं. बाटली भरायला ती खाली, कापायच्या विभागात गेली. एरवी तिकडे जायचं कारण पडत नसे. कात्र्याच्या टेबलावर कपड्यांचा ढीग होता आणि ढिगात वरच करडा कोट.

"हा इथे कसा?" मावशीने विचारलं.

"कसा म्हणजे? बिनखोट आहे."

"बिनखोट आहे तर दुकानात जाईल ना. इथे कशाला येईल?"

कात्र्याने यंत्र बंद केलं. "मावशी, खोट असलेला माल दुकानात जातो. शिवलेला, ठिगळ लावलेला, जुना दिसणारा. ज्यात काहीच खोट सापडत नाही तो माझ्याकडे. नवा दिसणारा माल जुन्याच्या भावात विकला तर यांच्या नव्या दुकानात कोण जाईल? म्हणून कापायचा, तुकडे करायचे, गाद्यांत भरायला पाठवायचे."

"हा नवा नाही. मी केलाय. चार दिवस लागलेत."

"दाखव कुठे केलायस."

मावशीने कोट उलटा केला, सुलटा केला. पाठीवरून बोटं फिरवली. तिला दाखवता येईना. शेवटी तिने आतली दुमडी उसवली. तिथले धागे ओढून काढल्यामुळे कापड विरळ झालं होतं. तेवढीच काय ती खूण. कात्र्याने चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं आणि मान हलवली. "मग तुझा सगळाच माल माझ्याकडे येत असणार. दीड वर्ष मी म्हणतोय, एवढे चांगले कपडे लोक टाकतात तरी कसे."

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोट काखोटीला मारून ती तशीच जिना चढली. पाण्याची बाटली खालीच राहिली.

मॅडमने तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही.

"माझं काम कापता तुम्ही?"

मॅडम गडबडली. मग हळूहळू बोलायला लागली. नियम वरून आलेला आहे. तपासणीच्या टेबलावर जे दिसतं त्यावरच शिक्का पडतो. "आणि मावशी, तुम्ही रागावू नका, पण जुन्या कपड्यांच्या दुकानात येणाऱ्यांना दुरुस्ती दिसायला हवी असते. आपण पृथ्वीसाठी काही केलं हे अंगावर दिसायला हवं ना. तुमचं काम दिसतच नाही."

"दिसू नये म्हणूनच तर शिकले."

"माहीत आहे मला."

"माहीत होतं, मग दीड वर्ष बोलला का नाहीत? माझे हात दारात टांगलेत ते कशाला?"

मॅडमने खण उघडला. हळदीसारख्या पिवळ्या दोऱ्याचं रीळ काढून तिने मावशीपुढे ठेवलं. "उद्या सकाळपर्यंत कोटावर यातलं काहीतरी घाला. मोठे टाके. मी तो दुकानात पाठवते. नाही घातलं तर मला तो खाली द्यावाच लागेल, नोंद झालीय."

घरी मावशीने ताट पुढे घेतलं आणि तसंच ठेवलं. नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. तो म्हणाला, "सोड ती नोकरी. कुणाची मिजास सहन करायची आपल्याला सवय नाही."

"अहो, मी सोडली म्हणजे कात्री थांबणार आहे का? त्यांना काय, दुसरी बाई बसवतील. फोटोसुद्धा बदलायला लागायचा नाही, हातच तर आहेत."

"मग घाल पिवळा दोरा."

"तुम्ही खिळा ठोकून त्याचं डोकं वर ठेवलं असतं का कधी?"

 नवरा म्हणाला, "तेवढ्याने दार जळण्यापासून वाचणार असतं, तर ठेवलं असतं."

मावशीने तसंच ठेवलेलं ताट पुन्हा पुढे ओढलं आणि ती जेवली.

सकाळी ती सगळ्यांच्या आधी गोदामात आली आणि कोट मांडीवर घेऊन बसली. पिवळा दोरा ओवला. कोटाच्या पाठीवर, जिथे काहीच नव्हतं तिथे, बारा वेडेवाकडे चौकोन काढले. वडील असते तर त्यांनी सुई हातातून काढून घेतली असती. तासाभरात काम झालं. चार दिवसांच्या कामावर एका तासाचा चिखल. कोट तिने मॅडमच्या टेबलावर ठेवला. मॅडम खरंच हरखली. "किती सुंदर. बघा, जमलं की." मावशीला ते शिवीसारखं लागलं.

सुई, छोटी कात्री आणि पिवळं रीळ असलेली पिशवी खांद्याला तशीच ठेवून बाटली आणायला ती पुन्हा खाली उतरली. कात्र्याने यंत्र अजून सुरू केलं नव्हतं. ढीग कालच्यापेक्षा मोठा होता. यातलं बरंचसं तिने रफू केलेलंही नव्हतं. माप चुकलं म्हणून परत आलेले, एकदाही अंगावर न चढलेले शर्ट. लहान मुलींचे झगे. एका झग्याला तर दुकानाची चिठ्ठी अजून लटकत होती.

"हे सगळं आज?" तिने विचारलं.

"दुपारपर्यंत. काय करू, मावशी, माझंही पोट यावरच आहे."

मावशीने त्याच्या टेबलाजवळ एक स्टूल ओढलं. वरचा निळा शर्ट घेतला. छोटी कात्री उघडली आणि ती थांबली. चाळीस वर्षांत तिने कपडा कधी फाडला नव्हता.  मग बाहीवर, कोपराच्या जरा वर, तिने टोक खुपसलं आणि ओढलं. शेजारच्या खोलीत ऐकू जाईल असा आवाज झाला. कात्र्याने तोंड दुसरीकडे फिरवलं. मावशीने पिवळा दोरा ओवला, भोकावर चार धोपट टाके मारले आणि शर्ट बाजूला ठेवला. दुसरा घेतला.

सहावा शर्ट चालू असताना मॅडम जिन्यावरून खाली आली. कात्र्या अजून यंत्र का चालवत नाही म्हणून बघायला आली होती. तिने स्टुलाकडे पाहिलं, पाच शर्टांच्या चळतीकडे पाहिलं.

"मावशी, हे फाटलेले नव्हते."

"आता आहेत. खोट आहे, लिहून घ्या. तुमच्याच नियमाने दुकानात जातील."

"हे वर कळलं तर माझी नोकरी जाईल."

"माझं दीड वर्ष गेलं."

यंत्र बंद होतं, त्यामुळे कुणाचाच आवाज वर चढायची गरज नव्हती. मॅडम टेबलाजवळ आली. मग तिने चळतीतला एक शर्ट उचलला, तपासणीच्या टेबलावरच्या माणसासारखा हातभर लांब धरला आणि बाही न्याहाळली.

"भोक थोडं मोठं घ्या," ती हळूच म्हणाली. "एवढं लहान त्यांच्या नजरेतून सुटतं."

मावशीने सहाव्या शर्टाचा शेवटचा टाका मारला. झगा मांडीवर घेतला, चिठ्ठी काढून फेकली आणि कात्री पुन्हा उघडली.