‘का’ मशीनला विचारायचं

शैलावहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी परभणीत घरीच होतो. वालूरला पोचलो तर अंगणात सगळी तयारी झालेली होती. तिसऱ्या दिवशी भेटायला आलेले पाहुणे माझ्या थोरल्या भावाला एकेक प्रश्न विचारत होते. छातीत दुपारपासूनच जळजळत होतं ना, मग सोडा देऊन का निजवलं? लगेच गाडी का नाही केली? दादा मान खाली घालून सतरंजीचे दोरे ओढत बसला होता. तेवढ्यात दाराशी बसलेल्या कौसाबाई, वहिनींच्या डाळमिलमधल्या सगळ्यांत जुन्या कामगार, म्हणाल्या, "पाव्हणं, माणसाला ‘का’ इचारायचं न्हाई. आमच्या ताईचा नेम हाय." पाहुण्यांना काही उमगलं नाही, पण ते गप्प झाले. मला मात्र त्या नेमाची सगळी हकिकत ठाऊक होती...

मी कनिष्ठ महाविद्यालयात वर्षानुवर्षं व्यवस्थापन शिकवलं. ते वापरून बघायची वेळ माझ्यावर कधी आली नाही आणि त्याचं मला दुःखही नाही. वहिनींनी तोच विषय बाहेरून परीक्षा देऊन केला आणि लगोलग मिलमध्ये आणला. मशीन दादाकडे, माणसं वहिनींकडे, अशी त्यांची वाटणी होती. पहिल्यांदा त्यांनी रोज सकाळची उभ्याने बैठक सुरू केली. मोठ्या कारखान्यांत म्हणे पाय दुखू लागले की बोलणं आटोपतं. आमच्याकडे "येते हं" म्हणून उंबऱ्यात उभी राहिलेली बाई तासभर हलत नाही, हे पुस्तक लिहिणाऱ्याला कुठून माहीत असणार? बैठक रोज लांबत गेली. शेवटी वहिनींनी सगळ्यांना सतरंजीवर बसवलं आणि कामं वाटून झाल्याशिवाय चहा यायचा नाही असं ठरवलं. मग कामं भराभर वाटली जाऊ लागली. मी चिडवलं, "वहिनी, हे कितव्या पानावर आहे?" त्या म्हणाल्या, "दुकानातला तयार ब्लाऊज तुमच्या घरात कुणाला जसाच्या तसा बसलाय, भाऊजी? शिवण उसवावीच लागते."

एका पद्धतीची शिवण मात्र त्यांनी उसवायला उशीर केला. काही बिघडलं की लागोपाठ पाच वेळा ‘का’ विचारायचं, म्हणजे मुळाशी पोचता येतं, अशी ती पद्धत. ऐन हंगामात डाळ फार तुटायला लागली. आवारात शेतकऱ्यांच्या तुरीची थप्पी लागलेली. वाळवण कौसाबाईंकडे होतं, म्हणून वहिनींनी त्यांनाच सगळ्यांसमोर उभं केलं. डाळ का तुटली? तूर ओली का राहिली? तिसऱ्या ‘का’ला कौसाबाईंनी डब्याची पिशवी उचलली आणि त्या घरी गेल्या. त्यांच्यामागून बाकीच्या बायाही गेल्या. दोन दिवस मिल बंद होती. आणखी काही दिवस तशीच राहिली असती तर शेतकऱ्यांनी तूर उचलून दुसरीकडे नेली असती आणि मिल कायमची बसली असती. दादा तर कुलूप शोधत होता.

वहिनी कौसाबाईंच्या घरी गेल्या. "ताई," कौसाबाई म्हणाल्या, "एकदा ‘का’ इचारलं की माणूस सांगतंय. दुसऱ्यांदा इचारलं की वाटतंय, मला खोटं पाडायलेत. मी काय चोर हाय का?"

वहिनींनी पाच ‘का’ सोडले नाहीत, फक्त त्यांचं तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी बाया परत आल्यावर सतरंजी मशीनसमोर पसरली आणि मशीनलाच विचारलं, "सांग बाई, डाळ का तुटायली?" उत्तर मशीनच्या वतीने कुणीही द्यायचं. आधी सगळ्या हसल्या, मग एक म्हणाली, "मला ओली तूर चारली म्हणून." ओली का? "अंगणात ऊन उशिरा येतंय म्हणून." उशिरा का? "नव्या शेडची सावली पडायलीय म्हणून." ती शेड दादाने मोठ्या हौसेनं बांधली होती. तो डोकं खाजवत बाहेर गेला आणि पुढचे ‘का’ विचारायची गरज पडली नाही. वाळवण गच्चीवर गेलं. तेव्हापासून नेम झाला, माणसाला ‘का’ विचारायचं नाही. ही सुधारणा मी नंतर वर्गात सांगत असे. मुलं हसत आणि परीक्षेत पुस्तकातलंच लिहीत.

परवा मिलवर गेलो होतो. वहिनींच्या माघारी मिल नुकतीच उघडली होती. दादा आला होता, पण पाहुण्यांच्या त्या प्रश्नांनंतर तो कुणाशी धड बोललेला नव्हता. मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. बाया सतरंजीवर बसल्या. मशीन अजून बंदच. कौसाबाईंनी तिच्याकडे बघून विचारलं, "आज उशीर का गं झाला?"

मग दादाच म्हणाला, "चालू करणारा सकाळपासून नुसता बटणापाशी उभा हाय म्हणून."

कौसाबाईंनी दुसरा ‘का’ विचारला नाही. कामं वाटायची राहिली होती, तरी त्यांनी चहा आणायला सांगितला.