दुपारी दोन ते चार

साळवेकाकांनी मला दोन वर्षं फसवलं.

आणि हे ते गेल्यावर कळलं, त्यामुळे भांडायचीही सोय नाही.

आज त्यांना जाऊन महिना झाला.

लालबागच्या आमच्या बिल्डिंगची मी सेक्रेटरी, ते कमिटी मेंबर. वय अठ्ठ्याहत्तर. चौथ्या मजल्यावर एकटेच, मुलगी पुण्याला. रविवारी इस्त्रीचा शर्ट, हातात बायबल, आणि चर्चला निघताना वॉचमनलासुद्धा "येतो हं" म्हणून जाणार.

मी लाल पेनने नोटिसा लिहायची. ते पोचवायचे.

"द्या इकडे, मी वरच चाललोय."

दोन वर्षांपूर्वी त्यांच्याच मजल्यावरच्या सावंतांना मी नोटीस काढली. सुजाता सावंत दुपारी सासऱ्यांची खाट पॅसेजमध्ये टाकायची. आबांना दमा, खोलीत वारा नाही. मान्य. पण उद्या आग लागली तर माणसं पळणार कुठून? तीन दिवसांत खाट हलवा, नाहीतर कमिटी हलवेल, असं लिहिलं.

तिसऱ्या दिवशी पॅसेज मोकळा.

मी काकांना ऐकवलंच. तुमच्या गोड बोलण्याने लोक डोक्यावर बसतात, त्यांना अशीच भाषा लागते.

"बसू द्या की, सेक्रेटरीबाई. दमले की उतरतात."

मला वाटायचं, माणूस मुळातच मऊ. एकदा तसं बोलूनही दाखवलं. तेव्हा मात्र ते हसले नाहीत. वर्कशॉपमध्ये फोरमन असताना हात उठायचा, म्हणाले. घरीसुद्धा.

"सौम्यपणा माझ्या अंगात नाही हो. रोज सकाळी गुडघे टेकून प्रभूकडे मागून घेतो. संध्याकाळपर्यंत पुरवतो."

शिवडीला दफन झालं. परतताना टॅक्सीत सुजाताचं रडणं थांबेना. मला नवल वाटलं. तिला विचारलं, नोटीस त्यांनीच आणून दिली होती, राग नव्हता ना धरलास?

"कसली नोटीस, मॅडम?"

काकांनी कागद दाखवलाच नव्हता.

ते आबांच्या खाटेवर जाऊन बसले. चहा घेतला. म्हणाले, माझ्या हॉलला दोन खिडक्या आहेत, आणि दुपारी एकट्याला घर खायला उठतं. आबांना आणून सोडत जा.

दोन वर्षं आबा रोज तिथे झोपले. अख्ख्या चौथ्या मजल्याला माहीत होतं.

मला नाही. कारण दुपारी दोन ते चार माझी बेल बंद असते.

आता काकांच्या फ्लॅटला कुलूप आहे. खाट पुन्हा पॅसेजमध्ये आली. परवाच्या मीटिंगमध्ये एक मेंबर म्हणाले, मॅडम, तुमच्या स्टाइलची एक कडक नोटीस होऊन जाऊ दे.

मी लिहिली. पॅसेज मोकळा हवाच, त्यात माझं मत बदललेलं नाही.

पण ती पोचवायला कोणी नव्हतं. काल मीच वर गेले.

दारात सुजाताने आधी माझ्या हातातला कागद बघितला, मग माझ्याकडे. तिचा चेहरा इतका उतरला की मला माझीच लाज वाटली.

कागद पर्समध्ये कोंबला. खाटेवर बसले. नियम ओठांवर आला होता, तो चहाबरोबर गिळला.

म्हटलं, माझ्याही हॉलला दोन खिडक्या आहेत.

आबा खाटेवर उठून बसले. मग धापा टाकत म्हणाले, "पण तुम्ही दुपारचे निजतास ना?"

"निजेन. तुम्ही घोरू नका."

पहिल्यांदाच त्यांना हसताना पाहिलं.

काका, मी तुमच्याइतकी गोड होणार नाही, ती अपेक्षा ठेवू नका. पण रोज सकाळी मागून घेईन. कोणाकडे, ते माझं मी बघते.

आजपासून दुपारी बेल चालू आहे.

या आता, साळवेकाका.