शोभेचा बुद्ध

आईने बुद्धासमोर ठेवलेली खिरीची वाटी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीने चपलेच्या टोकाने बाजूला सारली. खीर सांडली. मग त्याने मेणबत्ती फुंकली आणि मला म्हणाला, "मॅडम, हा शोपीस आहे. इथे पूजाबिजा चालणार नाही."

वैशाख पौर्णिमेची संध्याकाळ. घोडबंदर रोडवरच्या टॉवरची गुळगुळीत लॉबी. कोपऱ्यात मोठा बुद्ध, पायाशी कारंजं, मागून पिवळा दिवा. फ्लॅट खपावेत म्हणून बिल्डरने बसवलेला. पावसाळ्यात लोक त्याच्या मांडीवर छत्र्या ठेवतात.

आई मोहने गावातल्या आमच्या चाळीतून पहिल्यांदाच माझ्याकडे राहायला आलेली. लॉबीत शिरली आणि थबकली. डोळे भरून आले तिचे. "अगं, दारातच भगवान बसलेत! आपल्याच माणसांची बिल्डिंग दिसते ही."

तिची काय चूक? आमच्या वस्तीत ज्या दारात बुद्ध, ते घर आपलं. त्याला कारंज्याशेजारी सजावटीला बसवणारी माणसं तिने कधी पाहिलीच नव्हती. खरं काय ते सांगायचं माझ्या जिवावर आलं. मी तिची पिशवी उचलून तिला लिफ्टकडे नेलं.

पौर्णिमेला ती पांढरी साडी नेसली, खीर केली. भुकेने खंगलेल्या सिद्धार्थाला सुजातेने खीर दिली, म्हणून आमच्याकडे या दिवशी खीर. याच पौर्णिमेला तो जन्मला, याच पौर्णिमेला त्याला बोध झाला, याच पौर्णिमेला तो गेला. आईसाठी याहून मोठा दिवस नाही.

आणि त्या दिवशी तिने सेक्रेटरीपुढे हात जोडले. "चुकलं साहेब. मला माहीत नव्हतं." खाली वाकून पांढऱ्या पदराने ती फरशी पुसायला लागली.

तिथे माझं डोकं सणकलं. याच लॉबीत सत्यनारायण झाला होता. चौरंग, केळीचे खांब, स्पीकर. शिरा मीसुद्धा हात पुढे करून घेतला होता. तेव्हा कुठे गेला होता नियम?

"आई, ऊठ," मी म्हणाले. "पुसू नकोस."

सेक्रेटरी हसला. "तुमचा बुद्ध तर शांती शिकवतो ना?"

यांना तसाच बुद्ध हवा. डोळे मिटलेला, गप्प, सोफ्याच्या रंगाला शोभणारा. त्याची माणसं मात्र नकोत.

मी वाटी उचलून परत जागेवर ठेवली. मेणबत्ती पेटवली. ऑफिसच्या कपड्यांत तशीच फरशीवर बसले आणि मोठ्याने त्रिशरण म्हणायला लागले. लिफ्टपाशी उभे असलेले शेजारी मोबाइलमध्ये बघत राहिले. बऱ्याच वेळाने आई माझ्या शेजारी येऊन बसली.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये नोटीस लागली: शोभेच्या मूर्तीसमोर धार्मिक विधी करू नयेत. मग मूर्तीभोवती साखळी आली. आई त्यानंतर आलेली नाही. म्हणते, "नको गं, तूच इकडे ये." माझ्याच घराचा उंबरा त्यांनी माझ्या आईला परका केला. याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही, आणि तो मी जाऊही देणार नाही.

यंदा पौर्णिमेला मी मोहन्याला जाणार, आईला घेऊन परत यायला. चाळीतल्या बायाही येणार, पांढऱ्या साड्या नेसून. साखळी मी काढणार, सगळ्यांदेखत. आईला फोनवर सांगून ठेवलंय, खीर मोठ्या पातेल्यात कर. आणि कुणी काहीही बोललं तरी हात फक्त बुद्धापुढे जोडायचे.